शब्द-संगीत : पारंपरिक

मी बेस वाजवायचो.
बेस कोणाला ऐकू येत नाही,
नसला की मात्र लोक म्हणतात, आज काहीतरी चुकलं.
माझ्या सांगण्याला तेवढीच किंमत द्या.

मंदाकिनी टिपणीस. चरईला टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर.
डोक्यावर हेडफोन, पुढ्यात भोकाभोकांचा बोर्ड,
नगरला खोपोली, खोपोलीला नाशिक जोडता जोडता
कानातल्या डायल टोनला ती सा मानायची
आणि ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्यांमागे गाणी लिहायची.
सुपरवायझर बाईंनी एकदा मेमो दिला.
तिने त्यालाही चाल लावली.

तालमी वागळे इस्टेटमध्ये, आमच्या कँटीनमागे,
दुसरी पाळी सुटल्यावर.
आधी बिस्किटांचे डबे बडवले, मग खरा ड्रमसेट आला,
तो नंदू आगाशिवकरच्या प्रॉव्हिडंट फंडातून.
त्याच महिन्यात त्याची बायको माहेरी गेली.
(परत आली. पण कॉन्सर्टला कधी नाही.)

शहाऐंशी साली कॅसेट.
कव्हरवर 'मँडी टी.', बॉबकट, फुगीर खांद्यांचं जॅकेट.
जॅकेट माझ्या मेहुण्याचं.
तिच्या आईने फोटो निरखून पाहिला, म्हणाली,
नाव बदललंस ते एक बरं केलंस.

ए साइड, दुसरं गाणं : लाइन बिझी आहे.
तलावपाळीच्या पाणीपुरीवाल्यांकडे ते वाजलं,
लग्नाच्या बँडवाल्यांनी उचललं,
विसर्जनात तर इतकं, की गणपतीही
लाइनवर ताटकळतोय असं वाटावं.
शेठने एकरकमी पंधराशे दिले होते.
कागदावर काय लिहिलंय ते कोणी वाचलं नाही,
उभ्या उभ्या सह्या, दुसऱ्या हातात समोसा.

पुढे नऊ कॅसेटी. तीन साफ टाकाऊ, मी वाजवल्यात म्हणून सांगतो.
एकीत गर्भाशय काढल्यावरचं गाणं, डिस्कोच्या ठेक्यावर.
गडकरीला ते म्हटलं तेव्हा पुढच्या रांगेतले पुरुष
चपला शोधायला लागले.
मागच्या रांगेत एक बाई उभी राहिली, एकटीच,
आणि गाणं संपेपर्यंत बसली नाही.
कॅसेट विकली गेली नाही.

दोन हजार चार. टीव्हीवर आमचंच गाणं,
चौपट वेगाने, ओली मुलगी नाचतेय,
आणि खाली पट्टी : शब्द-संगीत पारंपरिक.
मी फोन केला. म्हटलं वकील बघू.
ती खूप वेळ हसली.
अरे, लोक मेल्यावर दोन-तीनशे वर्षांनी परंपरा होतात,
मी पेन्शनीच्या आधीच झाले.
मग तिने फोन ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत राहिला.
मीही ठेवला नाही.

गेल्या मंगळवारी तिने घोडबंदरला बोलावलं.
एकोणिसावा मजला, दोन्ही गुडघे नवे,
खिडकीत येऊरचा डोंगर, अर्धा दुसऱ्या टॉवरमागे.
नवीन आहे, ऐक, म्हणाली.
आपण लावलेला नंबर सध्या बंद आहे,
असं रात्रंदिवस सांगणाऱ्या त्या मुलीवर गाणं :
ती जेवते कधी, तिची पाळी कधी सुटते,
तिला कोण फोन लावून देतं.

सा कुठून घेणार, मी विचारलं. डायल टोन तर गेला.
तिने फ्रिजला कान लावला.
पांढरी पाचच्या किंचित वर. तोच आहे रे,
फक्त दोन सप्तकं खाली उतरलाय.
मी तार जुळवली.

दुसऱ्या कडव्यात फ्रिज आपोआप थांबला.
स्वयंपाकघर एकदम रिकामं झालं.
मी तिच्याकडे पाहिलं.
तिने बोट वर केलं, वाजवत राहा,
आणि पुढची ओळ विसरली,
आणि लाला लाला करत
तशीच पुढे गेली.